सार्वजनिक प्रयोजन कोणाचे? : ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या स्थलांतराचा आर्थिक इतिहास (१९५०-१९६२)

प्रस्तावना

२४ सप्टेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील एबेट्स फील्ड या मैदानावर ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा अखेरचा सामना झाला. त्या सामन्यास ६,७०२ प्रेक्षक उपस्थित होते. पुढील वर्षी १८ एप्रिल १९५८ रोजी हाच संघ सुमारे चार हजार किलोमीटर अंतरावरील लॉस एंजेलिस शहरात पहिला स्थानिक सामना खेळला, तेव्हा ७८,६७२ लोकांनी तो पाहिला. या दोन आकड्यांतील तफावत पाहिली की संघाच्या स्थलांतराचे कारण सहज सापडल्यासारखे वाटते. गिऱ्हाईक नसलेला बाजार सोडून व्यापारी गिऱ्हाईक असलेल्या बाजारात गेला, असा निष्कर्ष त्यातून निघतो. परंतु १९५०च्या दशकातील ब्रुकलिन संघाचे आर्थिक चित्र बारकाईने तपासल्यास हा निष्कर्ष अपुरा ठरतो. संघ तोट्यात नव्हता. तो आपल्या लीगमधील सर्वाधिक यशस्वी व नफ्यात चालणाऱ्या संघांपैकी एक होता. मग नफ्यातील संघाने आपले शहर का सोडले, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे लोकप्रिय आहेत. पहिल्या उत्तरानुसार संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांचा लोभ स्थलांतरास कारणीभूत ठरला. दुसऱ्या उत्तरानुसार न्यूयॉर्कच्या नगररचनेवर अधिराज्य गाजविणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचा हटवादीपणा. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही उत्तरे व्यक्तीपाशी थांबतात. प्रस्तुत निबंधात या घटनेकडे आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. संघांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या बंद लीगची रचना, शहरांतर्गत जमिनीचे मूल्य आणि 'सार्वजनिक प्रयोजन' या कायदेशीर संकल्पनेचा लवचीक अर्थ या तीन घटकांच्या संयोगातून हे स्थलांतर घडले, अशी येथील मांडणी आहे. या व्यवहाराची किंमत ज्यांनी मोजली ते व्यवहारातील पक्षकार नव्हते, ही बाबही त्यातून स्पष्ट होते.

बंद लीग आणि टंचाईचे अर्थशास्त्र

'फ्रँचायझी' हा शब्द भारतीय वाचकास २००८ साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगमुळे परिचित झाला आहे. ठरावीक शहराच्या नावाने ठरावीक लीगमध्ये खेळण्याचा हक्क, असा त्याचा स्थूल अर्थ. अमेरिकेत ही पद्धत बेसबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकातच रूढ झाली. १८७६ साली नॅशनल लीग स्थापन झाली आणि १९०१ पासून अमेरिकन लीगने तिच्या बरोबरीचा दर्जा मिळविला. १९०३ ते १९५२ या अर्धशतकात या दोन लीगमध्ये मिळून १६ संघ होते व ते अवघ्या १० शहरांत विभागलेले होते. न्यूयॉर्कमध्ये तीन; बोस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो व सेंट लुइस येथे प्रत्येकी दोन; आणि उरलेल्या पाच शहरांत प्रत्येकी एक. सेंट लुइसच्या पश्चिमेस एकही संघ नव्हता.

या काळात अमेरिकेची लोकसंख्या दुपटीच्या आसपास पोहोचली, पश्चिम किनाऱ्यावर महानगरे उभी राहिली. परंतु संघांची संख्या तसूभरही वाढली नाही. सामान्य बाजारपेठेत मागणी वाढली की नवे विक्रेते येतात. बंद लीगमध्ये नव्या विक्रेत्यास प्रवेश देण्याचा अधिकार जुन्या विक्रेत्यांकडेच असतो. इंग्लंडमधील फुटबॉलची रचना याहून भिन्न आहे. तेथे खालच्या श्रेणीतील संघ गुणवत्तेवर वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. त्यामुळे मोठ्या संघाची आस असलेल्या शहरास आपल्याच स्थानिक संघाचे पोषण करण्याचा मार्ग खुला राहतो. २००३ साली विम्बल्डन संघ मिल्टन कीन्स येथे नेण्यात आला, तेव्हा तेथे उसळलेला संताप हा अशा घटनेच्या दुर्मीळतेचाच निदर्शक होता. अमेरिकेतील शहरास मात्र संघ हवा असेल तर तो दुसऱ्या शहराकडून आणावा लागे.

या रचनेस न्यायालयाचेही संरक्षण लाभले. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नसल्याने त्यास मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. १९५३ साली त्याच न्यायालयाने ही सूट कायम ठेवली. परिणामी संघांची संख्या आणि त्यांचे भौगोलिक वाटप हे संघमालकांच्या मंडळाच्या हाती राहिले. संघ कमी आणि इच्छुक शहरे अधिक, अशा स्थितीत प्रत्येक संघमालकाच्या हाती एक न लिहिलेला दस्तऐवज येतो. 'मागणी पूर्ण न झाल्यास अन्यत्र जाऊ' हा तो दस्तऐवज होय. त्याचे मूल्य संघाच्या वार्षिक नफ्यातोट्याच्या पत्रकात दिसत नाही. शहराशी होणाऱ्या वाटाघाटीत ते वसूल होते.

मिलवॉकीचा धडा

अर्धशतक स्थिर राहिलेला हा नकाशा १९५३ साली प्रथम बदलला. बोस्टन ब्रेव्हज संघ मार्च १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात गेला. १९५२ साली बोस्टनमध्ये या संघाच्या सामन्यांना वर्षभरात केवळ २,८१,२७८ प्रेक्षक आले होते. मिलवॉकीतील पहिल्याच वर्षी ही संख्या १८,२६,३९७ झाली आणि दुसऱ्या वर्षी तिने २० लाखांचा टप्पा ओलांडला. मिलवॉकीतील स्टेडियम काउंटीने सार्वजनिक निधीतून बांधले होते. त्याच्या भोवती विस्तीर्ण वाहनतळ होता. पाठोपाठ सेंट लुइस ब्राउन्स १९५४ च्या हंगामासाठी बाल्टिमोरला आणि फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स १९५५ च्या हंगामासाठी कॅन्सस सिटीला गेले.

या तीनही स्थलांतरांत एक साम्य होते. दोन संघ असलेल्या शहरातील दुबळा संघ बाहेर पडला होता. बाजारपेठेने केलेली ही एक प्रकारची फेरवाटणी होती आणि तिच्याविषयी फारशी तक्रार झाली नाही. ब्रुकलिनच्या दृष्टीने मात्र मिलवॉकीचा अर्थ वेगळा होता. नॅशनल लीगमधील एका प्रतिस्पर्ध्यास आता ब्रुकलिनच्या दुप्पट प्रेक्षक मिळत होते. १९५७ साली मिलवॉकीत २२ लाखांहून अधिक, तर ब्रुकलिनमध्ये १०,२८,२५८ प्रेक्षकांची नोंद झाली. प्रेक्षक दुप्पट म्हणजे तिकिटांचे उत्पन्न दुप्पट, आणि त्या उत्पन्नातून नव्या खेळाडूंच्या शोधावर व प्रशिक्षणावर होणारा खर्चही अधिक. आज यशस्वी असलेला संघ दहा वर्षांनी यशस्वी राहील काय, ही ओ'मॅली यांची चिंता सर्वस्वी निराधार नव्हती. १९५७ ची वर्ल्ड सिरीज मिलवॉकीनेच जिंकली.

ब्रुकलिनची आर्थिक स्थिती

ब्रुकलिन हे १ जानेवारी १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कमध्ये विलीन झाल्यानंतरही त्याची स्वतंत्र अस्मिता टिकून राहिली आणि डॉजर्स हा संघ तिचे सर्वांत ठळक प्रतीक ठरला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू याच संघातून मैदानात उतरले आणि विसाव्या शतकातील मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत प्रथम कोसळली. १९४७ ते १९५६ या दहा वर्षांत संघाने सहा वेळा नॅशनल लीगचे विजेतेपद मिळविले. १९५५ साली वर्ल्ड सिरीजही जिंकली.

संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी यांचा चतुर्थांश हिस्सा विकत घेऊन ओ'मॅली १९५० साली संघाचे सूत्रधार बनले. वकिलीची पार्श्वभूमी असलेल्या ओ'मॅली यांचे लक्ष आरंभापासून मैदानाच्या प्रश्नाकडे होते. १९१३ साली उघडलेल्या एबेट्स फील्डची क्षमता सुमारे ३२ हजार होती आणि लगतच्या वाहनतळात जेमतेम ७०० मोटारी मावत. महायुद्धोत्तर काळात ब्रुकलिनमधील मध्यमवर्गीय श्वेतवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने लाँग आयलंडवरील उपनगरांत जात होती. लगतच्या नासॉ काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये सुमारे ६ लाख ७३ हजार होती. १९६० मध्ये ती १३ लाख झाली. याच दशकात ब्रुकलिनची लोकसंख्या २७,३८,१७५ वरून २६,२७,३१९ वर आली. संघाचा जुना प्रेक्षक ट्रॉली आणि भुयारी रेल्वेने मैदानावर येत असे. नवा उपनगरवासी प्रेक्षक मोटारीने येऊ इच्छीत होता. १९४७ साली १८ लाखांच्या घरात असलेली वार्षिक प्रेक्षकसंख्या संघ शिखरावर असतानाही १० ते १२ लाखांवर स्थिरावली, त्यामागे हे सामाजिक स्थित्यंतर होते. दूरचित्रवाणीच्या प्रसारानेही त्यास हातभार लावला. मात्र प्रक्षेपणाच्या हक्कांतून संघास उत्पन्नही मिळत होते.

जून १९५७ मध्ये काँग्रेसच्या मक्तेदारीविरोधी उपसमितीपुढे ओ'मॅली यांची साक्ष झाली. समितीचे अध्यक्ष एमॅन्युएल सेलर हे स्वतः ब्रुकलिनचे लोकप्रतिनिधी होते. समितीपुढे आलेल्या हिशेबांतून डॉजर्स हा नफ्यातील संघ असल्याचे स्पष्ट झाले. या चौकशीतून मक्तेदारीविरोधी सूट रद्द करणारा कायदा मात्र झाला नाही.

जमिनीचा प्रश्न : ओ'मॅली आणि मोझेस

ओ'मॅली यांना ब्रुकलिनमधील अटलांटिक आणि फ्लॅटबुश या दोन रस्त्यांच्या चौकालगतची जागा हवी होती. लाँग आयलंड रेल्वेचे टर्मिनस व अनेक भुयारी मार्ग तेथे एकत्र येत असल्याने उपनगरांत गेलेला प्रेक्षक रेल्वेने परत येऊ शकला असता. स्टेडियम स्वखर्चाने बांधण्याची त्यांची तयारी होती. १९५५ साली त्यांनी वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांच्याशी घुमटाकार छताच्या स्टेडियमविषयी विचारविनिमयही केला होता. अडचण जमिनीची होती. ती अनेक मालकांत विभागलेली होती आणि खुल्या बाजारात एकेक तुकडा विकत घेऊ लागताच उरलेल्या मालकांनी भाव चढविले असते. म्हणून शहराने आपला सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरून जमीन एकत्र करावी आणि ती रास्त दराने संघास विकावी, अशी त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी १९४९ च्या संघीय गृहनिर्माण कायद्याच्या पहिल्या प्रकरणाचा आधार घेतला. या प्रकरणानुसार गलिच्छ वस्त्यांची जमीन संपादून खाजगी विकासकास कमी दराने देता येई आणि त्यातील तोट्याचा दोन-तृतीयांश भार संघीय शासन उचलत असे.

न्यूयॉर्कमध्ये या कायद्याची अंमलबजावणी रॉबर्ट मोझेस यांच्या हाती होती. खाजगी मालकीचे, नफ्यासाठी चालणारे बेसबॉलचे मैदान हे कायद्याला अभिप्रेत असलेले सार्वजनिक प्रयोजन नव्हे, असे त्यांचे मत होते. तत्त्व म्हणून हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु याच कायद्याच्या आधारे मोझेस यांनी न्यूयॉर्कमध्ये खाजगी विकासकांना मोठ्या प्रमाणावर जमिनी मिळवून दिल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या नकारात तत्त्वनिष्ठेबरोबरच नगररचनेची एक निश्चित दृष्टीही होती. शहराचे भवितव्य महामार्ग व मोटारी यांत आहे, असे ते मानत. त्यांनी क्वीन्समधील फ्लशिंग मेडोज येथे शहराच्या मालकीचे स्टेडियम बांधून भाड्याने देण्याचा पर्याय पुढे केला. ओ'मॅली यांना भाडेकरू व्हायचे नव्हते. शिवाय क्वीन्समध्ये खेळणाऱ्या संघास ब्रुकलिनचा संघ म्हणता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९५६ साली राज्याच्या विधिमंडळाने 'ब्रुकलिन स्पोर्ट्स सेंटर ऑथॉरिटी' स्थापन करणारा कायदा संमत केला; परंतु महापौर रॉबर्ट वॅग्नर यांच्या प्रशासनाने या संस्थेस पुरेसे आर्थिक बळ दिले नाही. दरम्यान ओ'मॅली यांनी आपला पट मांडण्यास आरंभ केला होता. १९५६ व १९५७ च्या हंगामांतील काही स्थानिक सामने त्यांनी शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटी येथे खेळविले. एबेट्स फील्डची जागा १९५६ सालीच एका बांधकाम व्यावसायिकास विकून ती भाडेपट्ट्याने परत घेतली. फेब्रुवारी १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमधील दुय्यम श्रेणीचा संघ आणि त्याचे रिग्ली फील्ड हे मैदान खरेदी केले. ही शेवटची खरेदी निर्णायक ठरली. तिच्यामुळे लॉस एंजेलिसच्या प्रदेशावरील हक्क तर मिळालाच, शिवाय शहराशी अदलाबदल करण्याजोगी जमीनही हाती आली.

लॉस एंजेलिसचा प्रस्ताव

१९५० मध्ये १९ लाख ७० हजार लोकसंख्या असलेले लॉस एंजेलिस १९६० पर्यंत जवळजवळ २५ लाखांवर पोहोचले. विमानप्रवास नित्याचा झाल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर सामने खेळविणे शक्य झाले होते. मात्र एकाच संघाशी खेळण्यासाठी इतर सात संघांनी एवढा प्रवास करणे परवडणारे नव्हते. म्हणून २८ मे १९५७ रोजी नॅशनल लीगच्या मालकांनी संमती देताना डॉजर्स व न्यूयॉर्क जायंट्स या दोन्ही संघांनी एकत्र स्थलांतर करावे, अशी अट घातली. घटत्या प्रेक्षकसंख्येने त्रस्त असलेले जायंट्सचे मालक होरेस स्टोनहॅम यांनी १९ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याची घोषणा केली. ७ ऑक्टोबर रोजी लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने १० विरुद्ध ४ मतांनी डॉजर्सबरोबरच्या करारास मान्यता दिली आणि दुसऱ्याच दिवशी संघाने स्थलांतर जाहीर केले.

या करारात शहराने रोख अनुदान दिले नाही की स्टेडियम बांधून दिले नाही. डॉजर्सने सुमारे ९ एकरांचे रिग्ली फील्ड शहरास द्यावे आणि शहराने चावेझ रवीन येथील सुमारे ३०० एकर डोंगराळ जमीन संघास द्यावी, असे ठरले. जमीन सपाट करण्यासाठी शहराने २० लाख डॉलरपर्यंत खर्च करावयाचा होता. रस्त्यांचा खर्च काउंटीने उचलावयाचा होता. ५० हजार आसनांचे स्टेडियम मात्र संघाने स्वखर्चाने बांधावयाचे होते. ब्रुकलिनमध्ये मागितलेली जमीन काही एकरांची होती. लॉस एंजेलिसमध्ये शहराच्या मध्यवर्ती भागाजवळ तीनशे एकर मिळाली.

करारास तीव्र विरोध झाला. ३ जून १९५८ रोजी 'प्रपोझिशन बी' या नावाने सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे ५२ टक्के मतांनी करार तरला. त्यानंतर प्रश्न न्यायालयात गेला. शहराने ही जमीन गृहनिर्माण प्राधिकरणाकडून घेतली तेव्हा तिचा वापर केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठी होईल, अशी अट होती. खाजगी बेसबॉल संघाचे मैदान हे सार्वजनिक प्रयोजन कसे, असा आक्षेप घेण्यात आला. जानेवारी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरविला. संपूर्ण करारातून शहराचे हित साधत असेल तर त्यात खाजगी पक्षासही लाभ होतो एवढ्याने करार अवैध ठरत नाही, असे या निर्णयाचे सार होते. अशा प्रकारे न्यूयॉर्कमध्ये ज्या शब्दांनी दार बंद झाले होते, त्याच शब्दांच्या दुसऱ्या अर्थाने लॉस एंजेलिसमध्ये ते उघडले.

चावेझ रवीन : व्यवहारातील अनुपस्थित पक्ष

करारातील जमीन मोकळी होती, असे त्यावेळच्या चर्चेत गृहीत धरले गेले. ती मोकळी कशी झाली हा इतिहास त्याआधीचा आहे. चावेझ रवीनमध्ये पालो व्हर्डे, ला लोमा व बिशप या तीन वस्त्या होत्या. तेथील रहिवासी प्रामुख्याने मेक्सिकन वंशाचे अमेरिकन नागरिक होते. अन्य भागांत त्यांना घरे मिळणे वांशिक निर्बंधांमुळे कठीण असल्याने ही डोंगरउतारावरील वसाहत त्यांनी स्वतःच्या श्रमांतून उभी केली होती. १९५० साली शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने १९४९ च्याच संघीय कायद्यान्वये येथे सार्वजनिक गृहप्रकल्प उभारण्याचे ठरविले. वास्तुविशारद रिचर्ड न्यूट्रा व रॉबर्ट अलेक्झांडर यांनी तीन हजारांहून अधिक घरांचा आराखडा तयार केला. जागा सोडणाऱ्या कुटुंबांना नव्या घरांत प्राधान्य देण्याचे आश्वासन देण्यात आले. बहुसंख्य कुटुंबे मिळेल ती भरपाई घेऊन बाहेर पडली.

परंतु शीतयुद्धाच्या वातावरणात सार्वजनिक गृहनिर्माण ही साम्यवादाकडे नेणारी वाट ठरविण्यात आली. १९५३ साली या प्रकल्पास विरोध करून निवडून आलेले महापौर नॉरिस पूल्सन यांच्या कारकिर्दीत प्रकल्प रद्द झाला. घरे पाडली गेली होती. बदल्यातील घरे मात्र बांधली गेली नाहीत. गरिबांच्या निवाऱ्यासाठी संपादन केलेली जमीन काही वर्षे पडून राहिली आणि अखेर बेसबॉल संघाकडे गेली. उरलेल्या मोजक्या कुटुंबांना ८ मे १९५९ रोजी पोलिसांनी बळाने बाहेर काढले. दूरचित्रवाणीवरून ती दृश्ये घरोघरी पोहोचली. चार महिन्यांनी, सप्टेंबर १९५९ मध्ये, स्टेडियमच्या बांधकामास प्रारंभ झाला.

डॉजर्स संघाने या कुटुंबांना विस्थापित केले, हे लोकप्रिय विधान काटेकोर अर्थाने बरोबर नाही. बहुतेक कुटुंबे संघ येण्यापूर्वीच विस्थापित झाली होती. मात्र ज्या किमतीला जमीन संघास मिळाली, ती किंमत या विस्थापनामुळेच शक्य झाली. ब्रुकलिनमध्ये ओ'मॅली यांना जमिनीचे अनेक मालक एकत्र आणण्याची अडचण होती. लॉस एंजेलिसमध्ये ती अडचण शासनाने आधीच, आणि वेगळ्याच कारणासाठी, दूर केलेली होती. संघाच्या ताळेबंदात या गोष्टीची नोंद झाली नाही. ती झाली असती तर स्थलांतराच्या फायद्याचा हिशेब निराळा दिसला असता.

लाभ-हानीचा ताळेबंद

संघाच्या दृष्टीने स्थलांतर कमालीचे यशस्वी ठरले. १९५८ साली लॉस एंजेलिस कोलिजियम या ऑलिम्पिकसाठी वापरलेल्या मैदानावर खेळताना संघ आठ संघांत सातव्या क्रमांकावर राहिला, तरीही १८ लाख ४५ हजार प्रेक्षक आले. १९५९ साली संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. १० एप्रिल १९६२ रोजी ५६ हजार आसनांचे व सुमारे १६ हजार मोटारींच्या वाहनतळाचे डॉजर स्टेडियम उघडले. सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरचा बांधकाम खर्च संघाने केला. त्या वर्षी २७ लाख ५५ हजार प्रेक्षकांची नोंद झाली. १९७८ साली वर्षात ३० लाख प्रेक्षकांचा टप्पा ओलांडणारा हा पहिला संघ ठरला. १९९८ साली ओ'मॅली कुटुंबाने संघ विकला तेव्हा ३१ कोटी १० लाख डॉलर मिळाले आणि २०१२ साली तो सुमारे २१५ कोटी डॉलरला पुन्हा विकला गेला.

लॉस एंजेलिसचा हिशेब संमिश्र आहे. स्टेडियम खाजगी मालकीचे असल्याने शहरास त्यावर मालमत्ता कर मिळाला. सार्वजनिक मालकीच्या स्टेडियममधून असा कर मिळत नाही. या दृष्टीने पुढील काळातील अनेक करारांपेक्षा हा करार शहराच्या अधिक हिताचा होता, हे मान्य करावे लागते. परंतु मध्यवर्ती भागाजवळील तीनशे एकरांचा अन्य उपयोग काय होऊ शकला असता, या पर्यायी खर्चाचा विचार सार्वमताच्या वेळी जवळजवळ झालाच नाही.

ब्रुकलिनच्या हानीचे मोजमाप अधिक अवघड आहे. एबेट्स फील्ड पाडण्यास २३ फेब्रुवारी १९६० रोजी प्रारंभ झाला आणि त्या जागी निवासी इमारती उभ्या राहिल्या. विभागाची औद्योगिक घसरण संघामुळे सुरू झालेली नव्हती. 'ब्रुकलिन ईगल' हे जुने दैनिक १९५५ सालीच बंद पडले होते आणि नौदलाची गोदी १९६६ मध्ये बंद झाली. तरीही एक आकडा बोलका आहे. १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये यांकीज हा एकमेव संघ उरला आणि त्या वर्षी त्याने वर्ल्ड सिरीजही जिंकली. दोन स्पर्धक निघून गेल्याने त्याचे प्रेक्षक वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात १९५७ मधील सुमारे १४ लाख ९७ हजार ही संख्या १९५८ मध्ये १४ लाख २८ हजारांवर आली. डॉजर्स व जायंट्सचे प्रेक्षक यांकीजकडे वळले नाहीत. संघनिष्ठा ही एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेता येणारी मागणी नसते, हे यातून दिसते. नेमक्या याच अपर्यायी निष्ठेमुळे संघमालकाची निघून जाण्याची धमकी परिणामकारक ठरते.

स्थलांतराचा उत्तरकालीन वारसा

न्यूयॉर्कने या घटनेतून घेतलेला धडा सार्वजनिक निधीचा होता. विल्यम शे यांच्या पुढाकाराने झालेल्या हालचालींमुळे लीगचा विस्तार होऊन १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स हा नवा संघ अस्तित्वात आला आणि १९६४ साली त्याच्यासाठी शे स्टेडियम उघडले. ते शहराने बांधले, आणि जागा होती मोझेस यांनी ओ'मॅली यांना सुचविलेली फ्लशिंग मेडोज. मिलवॉकीस अधिक कटू अनुभव आला. सार्वजनिक स्टेडियमच्या बळावर मिळविलेला ब्रेव्हज संघ १९६६ च्या हंगामासाठी अटलांटास गेला. विस्कॉन्सिन राज्याने न्यायालयात दाद मागितली. परंतु बेसबॉलला मिळालेल्या सुटीमुळे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाल संघाच्या बाजूने लागला. पुढे १९७० साली मिलवॉकीने सिएटलचा दिवाळखोर संघ आणला. एका शहराची हानी दुसऱ्याच्या लाभाने भरून निघण्याची ही साखळी बंद लीगच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

यानंतर अमेरिकन फुटबॉलमधील कोल्ट्स संघ १९८४ साली एका रात्रीत बाल्टिमोर सोडून इंडियानापोलिसला गेला आणि १९९६ साली बाल्टिमोरने क्लीव्हलँडचा संघ आणून ती पोकळी भरली. प्रत्येक वेळी शहरांनी देऊ केलेल्या सवलती वाढत गेल्या. १९९७ साली रॉजर नॉल व अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या अभ्यासात अशा सवलतींतून स्थानिक उत्पन्न व रोजगार यांत अपेक्षित वाढ होत नसल्याचे दाखवून दिले. सामन्यावर खर्च होणारा पैसा बव्हंशी त्याच शहरातील अन्य करमणुकीवरून वळविलेला असतो, हे त्याचे मुख्य कारण. तरीही बोली थांबली नाही. कारण शहरांना आपला संघ गमावल्याचे राजकीय मूल्य आर्थिक मूल्याहून मोठे वाटते.

ब्रुकलिनच्या कथेस २०१२ साली अनपेक्षित वळण मिळाले. अटलांटिक व फ्लॅटबुश रस्त्यांच्या त्याच चौकात, ओ'मॅली यांना हव्या असलेल्या जागेच्या समोर, बार्कलेज सेंटर उभे राहिले आणि न्यू जर्सीचा नेट्स हा बास्केटबॉल संघ तेथे आला. या प्रकल्पासाठी राज्याने सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरला. रहिवाशांनी त्यास आव्हान दिले असता २००९ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने प्रकल्पाचा सार्वजनिक उपयोग मान्य केला. मोझेस यांनी जे प्रयोजन सार्वजनिक मानण्यास नकार दिला होता, ते अर्धशतकानंतर त्याच चौकात सार्वजनिक ठरले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) डॉजर्सचे स्थलांतर तोट्यातून घडले नाही. संघास मिळत असलेला नफा आणि अन्यत्र मिळू शकणारा नफा यांतील अंतर हे त्याचे कारण होते. हे अंतर संघांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या बंद लीगने आणि तिला मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाने निर्माण केले होते.

२) या व्यवहारातील मध्यवर्ती वस्तू खेळ नसून शहरांतर्गत जमीन ही होती. विखुरलेली जमीन एकत्र करण्याची शासनाची शक्ती ज्याच्या बाजूने वापरली जाईल, त्याच्या बाजूस संघ गेला.

३) 'सार्वजनिक प्रयोजन' ही संकल्पना न्यूयॉर्कमध्ये संघास नकार देण्यासाठी, लॉस एंजेलिसमध्ये संघास जमीन देण्यासाठी आणि पुढे २००९ साली पुन्हा ब्रुकलिनमध्ये नव्या क्रीडासंकुलास मान्यता देण्यासाठी वापरली गेली. तिचा अर्थ कायद्याच्या शब्दांपेक्षा वाटाघाटींतील बलाबलावर ठरत गेला.

४) संघमालक, लीग आणि नगरपरिषद या पक्षकारांमध्ये करार झाला. ब्रुकलिनचे प्रेक्षक व चावेझ रवीनचे रहिवासी यांना त्यात स्थान नव्हते. प्रेक्षकांची हानी भावनिक म्हणून आणि रहिवाशांची हानी पूर्वीची म्हणून हिशेबाबाहेर ठेवण्यात आली.

क्रीडासंघाच्या स्थलांतराचे मूल्यमापन करताना प्रेक्षकसंख्या, तिकिटांचे उत्पन्न व स्टेडियमचा खर्च एवढेच घटक विचारात घेतले तर ओ'मॅली यांचा निर्णय निर्विवादपणे बरोबर ठरतो. जमीन कोणाची होती, ती कोणत्या आश्वासनावर रिकामी करून घेतली गेली आणि ते आश्वासन पाळले गेले काय, हे प्रश्न त्यात समाविष्ट केले की ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूच्या नोंदी दिसू लागतात. शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघावर शहराचा कोणताच हक्क नसतो, ही विसंगती १९५७ साली ब्रुकलिनने प्रथम तीव्रतेने अनुभवली. संघांची संख्या ठरविण्याचा अधिकार मालकांच्याच हाती राहील, तोवर ती अन्य शहरांच्याही वाट्याला येत राहील.